हौद रंगवण्याआधी नळ शोधा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्याच्या पेठांतील पेशवेकालीन हौदांच्या सुशोभीकरणाची कामे अधूनमधून निघतात. हौदाला ऑइलपेंट लागतो, कडेने चकचकीत फरशी बसते, वर लोखंडी जाळी आणि दिवे येतात. हेतू चांगला असतो, यात शंका नाही. पण हौद ही सुटी वास्तू नव्हे. तो कात्रजहून आलेल्या भुयारी नळाचे टोक आहे. नळ कुठे फुटला, कुठे तुंबला, त्यात कुठे सांडपाणी शिरले हे न पाहता टोक सजवले, तर पैसा वाया जातो आणि अडीचशे वर्षे टिकलेला दगडही खराब होतो. म्हणून हे पत्र.

नानासाहेब पेशव्यांनी १७४९-५० च्या सुमारास कात्रजला ओढ्यावर बांध घालून तळी बांधली आणि तिथून शनिवारवाड्यापर्यंत सुमारे ८ किलोमीटर पाणी आणले. पंप नाही, दाब नाही. केवळ जमिनीच्या उताराने. दगड, वीट आणि चुन्यात बांधलेला हा भुयारी नळ साधारण अडीच फूट रुंद आणि सहा फूट उंच आहे, म्हणजे माणूस आत शिरून साफसफाई करू शकेल एवढा. तळ्यात गाळ बसायचा, वरचे निवळ पाणी नळात यायचे आणि पेठांत शिरल्यावर फाट्याफाट्याने हौदांत पडायचे. एक हौद भरला की जादा पाणी पुढच्या हौदाला जायचे. शनिवारवाड्यातले १९७ तोट्यांचे हजारी कारंजे उडायचे तेही याच पाण्यावर. पुढे कोंढव्याच्या बाजूने रास्ते आणि चौधरी यांचे नळ आले, आंबेगावच्या बाजूने नाना फडणीसांचा आला. सदाशिव पेठ हौद, नाना हौद, फडके हौद, साततोटी, बदामी हौद, काळा हौद ही नावे आज रिक्षावाल्याला सांगायच्या खुणा उरल्या आहेत. एके काळी पेठेचा पाणीपुरवठा म्हणजे हेच हौद होते.

या सगळ्यात सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे उच्छ्वास. नळाच्या मार्गावर ठरावीक अंतराने जमिनीवर आलेले हे चौकोनी, वर निमुळते होत जाणारे बांधकाम अनेकांना जुने चौथरे किंवा पडकी समाधी वाटते. प्रत्यक्षात ती नळाची नाके आहेत. पाणी वाहताना आत कोंडलेली हवा इथून सुटते. सुटली नाही तर ती चढाच्या जागी साचते आणि प्रवाह अडतो. गाळ उपसायला आत उतरायची जागाही हीच. पाणी कुठवर पोचले आणि कुठे थांबले हे ओळखायची खूणही हीच, कारण एका उच्छ्वासात पाणी दिसते आणि पुढच्यात नाही, तर बिघाड त्या दोघांच्या मधेच असतो. उच्छ्वास पाडला, बुजवला किंवा त्यावर सोसायटीची भिंत चढवली, की नळाच्या त्या टप्प्याची तपासणी कायमची बंद होते. सातारा रस्त्याच्या बाजूने, धनकवडी-पद्मावतीच्या अंगाने येणाऱ्या या मार्गावर हेच होत आले आहे. २०१९ साली स्वारगेटला मेट्रोच्या खोदकामात जुने बांधीव भुयार लागले, तेव्हा शहरभर आश्चर्य व्यक्त झाले. खरे म्हणजे ज्या शहराखाली इतके जलमार्ग आहेत तिथे खोदण्याआधी त्यांचा नकाशा हातात असायला हवा होता.

तेव्हा पहिले काम रंगाचे नसून नकाशाचे आहे. दिसणाऱ्या प्रत्येक उच्छ्वासाचे जीपीएस स्थान, माथ्याची आणि तळाची पातळी, आत पाणी आहे की कोरडे, एवढी नोंद एका तक्त्यात आली, की दोन उच्छ्वासांमधला उतार कळतो. ज्या टप्प्यात पातळी अचानक बदलते तिथे गाळ साचला आहे किंवा नळ खचला आहे. त्यानंतर रंगद्रव्य चाचणी करावी. वरच्या उच्छ्वासात निरुपद्रवी फ्लुओरेसीन सोडायचे आणि खालच्या प्रत्येक उच्छ्वासाशी किती वेळाने रंग दिसतो ते टिपायचे. रंग अजिबात आला नाही तर नळ तुटला किंवा पुरता तुंबला. उशिरा आणि फिका आला तर गाळ आहे किंवा बाहेरचे पाणी मिसळते आहे. भलत्याच गटारात उगवला, तर तिथे कोणीतरी जोड मारला आहे. पाण्यात अमोनिया आणि कोलिफॉर्म जंतू तपासले की सांडपाणी नेमके कोणत्या टप्प्यात शिरते ते उघड होते. हे न करता हौदात पाणी 'पुन्हा आणण्याच्या' घोषणा करणे धोक्याचे आहे, कारण असे पाणी झाडांना घालायचे तरी आधी ते काय आहे हे माहीत पाहिजे.

एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. उच्छ्वासात माणूस उतरवू नये. सांडपाणी शिरलेल्या बंद नळात हायड्रोजन सल्फाइड साठतो. कमी प्रमाणात त्याला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाक बधिर होऊन वासच कळेनासा होतो आणि माणूस काही श्वासांत कोसळतो. त्याला काढायला गेलेला दुसराही कोसळतो. चाकांवर चालणारा कॅमेरा हे काम करू शकतो. उतरणे अगदीच अटळ असेल तर आधी पंख्याने हवा खेळवणे, वायुमापक, तिपाई आणि अंगाला बांधलेला पट्टा, आणि वर दोन माणसे, याला पर्याय नाही.

आता दुरुस्तीविषयी. कामाच्या अंदाजपत्रकात दगडी सांधे भरण्यासाठी सिमेंट पॉइंटिंग हे तयार कलम असते, म्हणून तेच लिहिले जाते. इथेच सगळे बिघडते. पुण्याचा काळा दगड घट्ट आहे, त्यातून ओल फारशी बाहेर पडत नाही. भिंतीतली ओल चुन्याच्या सांध्यांतून निघून जाते, कारण चुना सच्छिद्र आणि किंचित लवचीक असतो. सांधा सिमेंटने बंद केला की ओल आतच कोंडते, सिमेंटमधले क्षार बरोबर घेऊन दगडाच्या पृष्ठावर येते आणि तिथे पांढरा खार फुटतो. जिथे वीट आहे तिथे तर विटेचे पापुद्रे सुटतात. हौद उन्हात तापतो, रात्री निवतो. चुना ही हालचाल सोसतो, सिमेंट तडकते, आणि त्या तड्यातून पिंपळाचे बी आत जाते. ऑइलपेंटनेही ओल अशीच कोंडते. साफसफाईसाठी वाळूचा मारा केला तर पाथरवटाच्या छिन्नीचे घाव पुसले जातात, मग तो दगड घडवलेला न वाटता ओतलेला वाटू लागतो.

योग्य पद्धत अवघड नाही, फक्त वेळखाऊ आहे. जुने सिमेंट ब्रेकरने नव्हे, छिन्नी-हातोडीने काढावे. सांधा त्याच्या रुंदीच्या निदान दुप्पट खोल मोकळा करावा, किमान एक इंच तरी. कळीचा चुना पाण्यात विरवून दोन-तीन आठवडे मुरू द्यावा. घाईत वापरला तर न विरलेल्या कण्या भिंतीत गेल्यावर फुगतात आणि गिलाव्याला पुटकुळ्या येतात. त्यात सुरखी, म्हणजे चांगल्या भाजलेल्या मातीच्या विटांची पूड, आणि धुतलेली वाळू घालावी. सुरुवातीला एकास एक एक असे प्रमाण घेऊन, एका कोपऱ्यात नमुना करून पाहावा आणि मगच वाढवावे. सुरखी नुसत्या रंगासाठी नसते, तिच्यामुळे चुना पाण्याखालीही धरतो. हौदाच्या आतल्या अंगाला ती नसली तर चुना विरघळत जातो. आपल्याकडची कंकरी चुनखडी भाजून केलेला चुना तर मुळातच पाण्यात धरणारा असतो, जुन्या गवंड्यांनी तो बैलाच्या घाण्यात मळला तो उगीच नव्हे. चुना भरताना सांधा आधी ओला करावा आणि काम झाल्यावर निदान १० ते १५ दिवस ओले गोणपाट लावून ठेवावे. चुना हळूहळू घट्ट होतो. त्याला कोरडे पाडले तर भुगा होतो, आणि मग 'चुना टिकत नाही' असा निष्कर्ष काढला जातो.

पिंपळ-उंबराचे रोप ओढून काढू नये, मुळाबरोबर दगड येतो. वर कापून उपयोग नाही, फुटवा येतो. खोड कापून लगेच कापलेल्या तोंडावर तणनाशक लावावे, मूळ मेले की पोकळी चुन्याच्या पातळ रब्याने भरावी.

फलकांबद्दल थोडे. हौदांचा इतिहास नुसता पेशव्यांच्या कौतुकाचा नाही. या हौदांवर सगळ्यांना पाणी भरता येत नव्हते, हे लिहिले गेले पाहिजे. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घराचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुला केला, त्याचे महत्त्व या पार्श्वभूमीशिवाय कळत नाही. सत्यशोधक समाजाचे डॉ. विश्राम रामजी घोले यांनी अकाली गेलेल्या आपल्या मुलीच्या, काशीबाईच्या स्मरणार्थ बाहुलीचा हौद बांधला आणि तो सर्वांसाठी होता. तो पुढे मूळ जागेवरून हलवला गेला. ही गोष्ट फलकावर नसेल तर ती बाहुली नुसती शोभेची मूर्ती ठरते.

हे सारे जुन्याच्या प्रेमापोटी नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत आणि त्यापाठोपाठ खडकवासला फुटले, शहराचा नळ बंद पडला, तेव्हा पुणेकरांनी जुन्या विहिरी आणि हौदांकडेच धाव घेतली. आणि २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजपासून आंबील ओढ्याला पूर आला, माणसे गेली. पेशव्यांच्या काळात हा ओढा वळवला गेला होता, त्याचे जुने पात्र आणि आजचे पात्र यांच्या मधल्या जमिनीवरच आपण दाटीने राहतो. कात्रजचा बांध, ओढा आणि नळ यांची एकत्र मोजणी करणारा कोणीच नसेल, तर पुढच्या पावसाळ्यातही आपण अंधारातच असू.

संबंधित यंत्रणांकडे मागण्या मोजक्या आहेत. उच्छ्वासांची आणि नळमार्गाची नोंद रस्ता खोदाईच्या परवानगीच्या नकाशावर यावी, म्हणजे केबल टाकणाऱ्या ठेकेदाराला खोदण्याआधी ती दिसेल. हौदांच्या निविदेत सिमेंट पॉइंटिंगचे कलम वगळून चुन्याच्या कामाचे स्वतंत्र कलम लिहावे आणि चुन्याचा अनुभव असलेला गवंडी ही अट घालावी. पाहणी आणि कॅमेऱ्याचे काम एप्रिल-मेमध्ये करावे, तेव्हा नळात पाणी कमी असते. चुन्याचे काम दिवाळीनंतर हाती घ्यावे, कारण मेच्या उन्हात सांध्यातला चुना वाळून फुटतो आणि पावसात धुऊन जातो. आर्थिक वर्ष संपायच्या आत बिल काढण्यासाठी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात हौदाला रंग फासण्यापेक्षा, तो निधी पुढच्या नोव्हेंबरसाठी राखून ठेवावा.

आपला,
एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे