ती नाणी नव्हेत

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

भंगारातून शिल्पं घडवणाऱ्या कलावंताला कालच्या पुरवणीत अर्धं पान दिलंत, आभार. पण फोटोखाली ‘माशाच्या अंगावर वेल्डिंगने बसवलेली जुनी नाणी’ असं छापलंय. भोकाचा पैसा आम्हीही हाताळलाय. त्याचं भोक मधोमध असायचं, कडेला नाही.

साहेब, ती पितळी टोकनं आहेत. टूलरूमच्या खिडकीत टोकन द्यायचं, मायक्रोमीटर घ्यायचा. सुट्टीच्या वेळी हत्यार परत, टोकन परत. वर खिळ्याला टांगायचं भोक, खाली ठोकलेला नंबर. आणि वेल्डिंग कसलं? पितळ साध्या वेल्डिंगला दाद देत नाही, आतलं जस्त धूर होऊन उडतं. भांडीबाजार असलेल्या गावातल्या पेपरला हे आम्ही सांगायचं! या पठ्ठ्याने टांगायच्या त्याच भोकातून रिवेट मारलेत. भोक डोक्याकडे, मोकळी कड शेपटीकडे, अगदी खऱ्या खवल्यांसारखी. त्यामुळे एकही नंबर झाकला गेलेला नाही.

माझा नंबर २१४. ३१ वर्षं. सातपूरचा आमचा कारखाना बंद पडला तेव्हा लेथ, शेपर सगळं किलोवर गेलं. स्टोअरच्या पोराला म्हटलं, बाकी काही नको, माझं टोकन तेवढं काढून दे. तर म्हणे, “काका, पोतं तोलून झालंय, वजन कमी भरेल.” एका टोकनाने!

शनिवारी प्रदर्शनात चष्मा सरसावून त्या माशाभोवती दोन फेऱ्या मारल्या. रखवालदार माझ्या मागे मागे. २१४ नव्हता. कुठल्या कारखान्यातली आहेत कोण जाणे. शिल्पकाराला विचारलं, पॉलिश का नाही मारलं? “नंबर घासले जातील ना, काका.” हे एक वाक्य तुमच्या प्रतिनिधीने छापलं असतं तरी पुरे होतं. त्याऐवजी मथळा काय, तर ‘टाकाऊतून टिकाऊ’! आइस्क्रीमच्या काड्यांच्या घरालाही तुम्ही हाच देता.

‘असा प्रयोग प्रथमच’ हेही तसंच. पिकासोने १९४२ मध्ये सायकलचं सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं. दिल्लीत तर २०१९ पासून भंगारातली सात आश्चर्यं उभी आहेत. आपल्या माणसाला मोठं करायला पहिला नंबर कशाला लागतो?

जाता जाता, आमच्या गल्लीतलं चेंबरचं बिडाचं झाकण तीन महिन्यांपूर्वी चोरीला गेलं. त्यावर दोन पत्रं धाडली, एकही छापलं नाहीत. सध्या त्या खड्ड्यात कुणीतरी झाडाची फांदी खोचलीय, तिला लाल फडकं बांधलंय. फोटोग्राफर पाठवणार असाल तर आधीच सांगतो, ते शिल्प नाही.

आपला,
एक निवृत्त टर्नर, सिडको, नाशिक