पडलीस तर? (आई-बाबांना पत्र)

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आई, रविवारी फोनवर तू तीनदा विचारलंस, "पडलीस तर?" तेव्हा घाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते. चाळिशीनंतर फिगर स्केटिंग शिकणारा माणूस बर्फावर पडणारच. इथे कॅनडात वर्गाच्या पहिल्याच दिवशी पडायचं कसं आणि उठायचं कसं, हेच शिकवतात. त्यामुळे अंगावर जे चढवायचं ते पडू नये म्हणून नसतं. पडल्यावर कुठलं हाड आधी आपटेल, त्या हिशेबाने ते ठरतं.

सगळ्यात आधी मनगट. पाय सटकला की हात आपोआप पुढे जातो, तळवा उघडा आणि कोपर ताठ. अंगाचा सगळा भार तळव्यावर येतो, मनगट मागे दुमडतं आणि अंगठ्याच्या बाजूचं हाड मनगटाजवळ मोडतं. न्हाणीघरात घसरणाऱ्या माणसाचं मोडतं तेच हाड. यासाठी मनगटाचे गार्ड असतात. त्यांच्यात तळव्याच्या बाजूला प्लॅस्टिकची कडक, बाकदार पट्टी असते. ती मनगटाला मागे दुमडू देत नाही, शिवाय गुळगुळीत असल्यामुळे हात बर्फावर रुतण्याऐवजी पुढे घसरतो आणि धक्क्याचा जोर विभागला जातो. बरेच जण हे गार्ड उलटे घालतात, म्हणजे बाकदार पट्टी हाताच्या पाठीकडे येते. मग त्याचा निम्मा उपयोग गेला. आणखी एक गोष्ट, गार्ड घातल्यावर बुटाच्या नाड्या बांधता येत नाहीत. म्हणून क्रम असा: आधी कमरेचे पॅड, मग गुडघ्याचे, मग बूट, हेल्मेट आणि शेवटी गार्ड.

दुसरं डोकं. नवशिका जितका पुढे पडतो तितकाच मागेही पडतो, आणि मागे पडणं जास्त वाईट, कारण कवटीची मागची बाजू थेट आपटते. सायकलचं हेल्मेट इथे चालत नाही. त्याचा फोम एकाच जोरदार आघातासाठी असतो, एकदा दबला की संपला. हॉकीचं हेल्मेट पुन्हा पुन्हा बसणाऱ्या धक्क्यांसाठी बनवतात आणि ते मागे मानेच्या जवळपर्यंत येतं. स्केट कॅनडा या संस्थेच्या कॅनस्केट या नवशिक्यांच्या कार्यक्रमात ६ टप्पे आहेत. त्यातल्या ५व्या टप्प्यापर्यंत सीएसए या कॅनडातल्या मानक संस्थेच्या शिक्क्याचं हॉकी हेल्मेट सक्तीचं आहे, आणि हा नियम मला अगदी योग्य वाटतो. हेल्मेट भुवयांच्या वर एक बोट बसलं पाहिजे, आणि हनुवटीखालच्या पट्ट्यात एकच बोट जावं. केसांचा अंबाडा आत कोंबला तर ते वर उचललं जातं, त्यामुळे वेणी मानेवर खाली घालायची. मात्र हेल्मेट कवटी वाचवतं, मेंदूला बसणारा हादरा ते पूर्ण थांबवू शकत नाही. डोकं आपटल्यावर दुखायला लागलं, मळमळलं किंवा गरगरलं, तर त्या दिवशी पुन्हा बर्फावर जायचं नाही आणि डॉक्टरांना दाखवायचं.

कमरेसाठी पॅड शिवलेली चड्डी मिळते. तिच्यात दोन्ही खुब्यांवर आणि माकडहाडावर फोम असतो. माकडहाडाचा फोम जाड हवा, कारण तिथे मांस कमी आणि दुखणं महिनोन्‌महिने टिकतं. गुडघ्यांना व्हॉलीबॉलवाल्यांचे पॅड पुरतात. ते विजारीच्या आत घालायचे, नाहीतर खाली सरकून घोट्याशी गोळा होतात.

बाबा, तुम्ही म्हणालात, "एवढं सगळं घालून हलता कसं येतं?" खरं तर त्यामुळेच हलता येतं. भीती वाटली की माणूस गुडघे ताठ करतो, कंबर मागे काढतो आणि पायांकडे बघतो. मग वजन बुटाखालच्या पात्याच्या मागच्या टोकाकडे जातं, पाय पुढे निसटतात आणि माणूस उताणा पडतो. पॅड असले की गुडघा निर्धास्त वाकतो, आणि वाकलेला गुडघा हाच स्केटिंगचा पाया आहे. आई, पावसाळ्यात शेवाळलेल्या पाखाडीवरून तू कशी उतरतेस ते आठव. पावलं लहान, गुडघे सैल, टाच आपटायची नाही, पाऊल सपाट टेकवायचं. बर्फावरची पहिली चाल तीच.

तोल जातोय असं वाटलं की तो सावरण्यासाठी हात हवेत फिरवायचे नाहीत. खाली बसल्यासारखं व्हायचं, एका बाजूला कलायचं, कुल्ल्याच्या मांसल भागावर टेकायचं, हात पोटाशी, मुठी बंद, हनुवटी छातीला. जितकं खाली जाऊन पडू तितकं अंतर कमी आणि धक्का कमी. मुठी बंद यासाठी की मागून येणाऱ्याचं पातं बोटांवरून जायला नको. उठताना आधी रांगल्यासारखं व्हायचं, एक पाऊल पुढे आणून पातं सपाट टेकवायचं, दोन्ही हात त्या गुडघ्यावर ठेवून वर यायचं. हात बर्फावर टेकून उठायला गेलं की पाय पुन्हा मागे पळतात.

आता बुटांविषयी, कारण नवशिक्याचं बरंचसं पडणं बुटांमुळे असतं, आणि लोक नेमका इथेच पैसा वाचवतात. स्केटचा बूट रोजच्या बुटापेक्षा सहसा एक ते दीड नंबर लहान लागतो, म्हणून माप उभं राहून, पाऊल सेंटीमीटरमध्ये मोजून घ्यायचं. आत टाच उचलली जाता कामा नये, बोटं मात्र हलली पाहिजेत. मोजा पातळ हवा. जाड मोज्यात पाय सरकतो, फोड येतात आणि घोट्याचा आधार जातो. नाडी बोटांपाशी सैल, पावलाच्या चढापासून घोट्याच्या वळणापर्यंत घट्ट, आणि वरच्या हुकांपाशी पुन्हा थोडी सैल, म्हणजे मागे एक बोट जाईल इतकी. वरपर्यंत आवळली तर गुडघा वाकत नाही. बुटाचा ताठरपणा वजनाप्रमाणे निवडतात. लहान मुलांचा मऊ बूट मोठ्या माणसाच्या घोट्याखाली कोलमडतो, आणि उड्या मारणाऱ्यांचा दगडासारखा बूट नवशिक्याला वाकूच देत नाही.

पातं सुरीसारखं नसतं. ते जवळपास ४ मिलिमीटर रुंद असतं आणि त्याच्या तळाला लांबीभर पन्हळ कोरलेली असते. त्या पन्हळीमुळे दोन कडा तयार होतात, आतली आणि बाहेरची. स्केटिंगची सगळी वळणं या दोनपैकी एका कडेवर झुकून घेतात. मोठ्या नवशिक्याने धार लावताना पन्हळ उथळ मागावी, साधारण १/२ इंच त्रिज्येची. खोल पन्हळ बर्फाला जास्त चावते, त्यामुळे थांबताना पातं सरकायच्या ऐवजी अडकतं. साधारण २० ते ४० तास स्केटिंग झालं की पुन्हा धार लावायची. आडव्या सरकत्या पायाखाली कड अचानक सुटायला लागली, तर धार गेली समजायचं. पात्याच्या पुढच्या टोकाला करवतीसारखे दाते असतात, ते उड्या आणि गिरक्यांसाठी. त्यांनी बर्फ ढकलून पुढे जायला गेलं की तोंडघशी पडणं ठरलेलं. ढकलायचं ते पाऊल बाहेर वळवून, आतल्या कडेने.

शिकायचा क्रम साधा आहे. जागच्या जागी पावलं, दोन पायांवर घसरणं, घसरताना खाली बसून वर येणं, मग दोन्ही पाय उघडून मिटत बर्फावर लिंबाचा आकार काढणं, मग थांबणं. थांबता येईपर्यंत वेग वाढवायचा नाही. माझ्या मते एक पाय उचलण्याची घाई हीच मोठ्यांची सगळ्यात मोठी चूक.

आई, हाडांची घनता तपासून घे असं तू म्हणालीस ते अगदी बरोबर आहे. या वयात बर्फावर उतरणाऱ्या प्रत्येक बाईने ते करावं.

आणि बाबा, डिसेंबरमध्ये आल्यावर "एक फेरी मीही मारीन" म्हणालात. तुमची रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. अशा माणसाच्या डोक्याला किरकोळ मार लागला तरी आत रक्तस्राव होऊ शकतो, आणि तो लगेच कळतही नाही. हेल्मेट घालूनही तुम्हाला मी बर्फावर उतरू देणार नाही. कठड्यापाशी रबराची चटई असते, तिच्यावर उभे राहून बघा. आत गारठा असतो, तेव्हा लोकरीचे मोजे आणि कानटोपी दोघांनीही आणा.

येताना एक काम करा. स्केटिंग झालं की पातं आणि बुटाचा तळ दोन्ही कोरडे पुसावे लागतात. थोडं पाणी राहिलं तरी रात्रीत गंज चढतो आणि स्क्रूपाशी तळ कुजायला लागतो. त्यासाठी इथल्या टॉवेलपेक्षा आपला धुऊन धुऊन मऊ झालेला सुती पंचा चांगला, पाणी पटकन टिपतो. माळ्यावरच्या ट्रंकेत जुने असतील, त्यातले दोन बॅगेत टाका.

तुमची,
धाकटी