बुडालेल्या युद्धनौका भंगार नव्हेत

महोदय,

२७-२८ फेब्रुवारी १९४२च्या रात्री जावा समुद्रात बुडालेल्या ‘डी रायटर’ आणि ‘जावा’ या डच क्रूझर (मोठ्या युद्धनौका) २०१६मध्ये पाहणी झाली तेव्हा जागेवर नव्हत्या. तळाच्या गाळात फक्त त्यांच्या आकाराचे खड्डे उरले होते. शेकडो खलाशांची ती कबर होती.

भंगारासाठी होणारी ही लूट दडून राहणारी नाही. क्रेनचा बार्ज (सपाट तळाची मालवाहू नौका) दिवसेंदिवस एकाच ठिकाणी नांगरून राहतो आणि लोखंडी पंजाने सांगाडा फोडून वर ओढतो. प्रथम जातात ते नौका पुढे ढकलणारे ब्राँझचे पंखे, कारण भाव त्यांनाच सर्वाधिक. त्यात फुटलेल्या टाक्यांतून तेल पसरते, न फुटलेला दारूगोळा हलतो.

कायदे आहेत, पण तोकडे. पाण्याखालील वारशाबद्दलचा युनेस्कोचा २००१चा करार १०० वर्षे पाण्याखाली असलेल्या अवशेषांनाच लागू होतो. म्हणजे १९४२च्या नौका २०४२पर्यंत त्याबाहेरच! ब्रिटनच्या १९८६च्या कायद्यात कोसळलेल्या लष्करी विमानांना आपोआप संरक्षण आहे, नौकेचे मात्र नाव घेऊन आदेश काढावा लागतो. युद्धनौकेची मालकी सहसा ध्वजराष्ट्राकडेच (जिच्या ध्वजाखाली ती लढली त्या देशाकडे) राहते, पण परक्या सागरी हद्दीत त्याला गस्त घालता येत नाही.

म्हणून ध्वजराष्ट्र व किनारी राष्ट्र यांनी थेट द्विपक्षीय करार करावेत. मल्टिबीम सोनारने (ध्वनिलहरींनी तळाचा नकाशा काढणाऱ्या यंत्राने) ठरावीक काळाने मोजणी करून आधीच्या नकाशाशी ताडावी, थबकलेल्या बार्जवर उपग्रहाने नजर ठेवावी. आणि बंदरातच भंगाराच्या मालाचे मूळ विचारावे. तिथे चोर पकडणे समुद्रापेक्षा कितीतरी सोपे आहे.

– एक वाचक