नवी गाडी आणि लाल पाणी

गुहागर,
नारळी पौर्णिमेनंतरचा रविवार

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "गाडी कशी पळते?" आणि मी "बरी" म्हणून गणपतीच्या तिकिटांवर विषय नेला. तुझ्याशी लपवाछपवी जमत नाही, म्हणून पत्र. गाडी पळते बरी, पण गळते. पाडव्याला घेतलेली गाडी, साडेआठ लाखांच्या वर मोजलेले, आणि पावसात बाहेर काढली की डाव्या सीटपुढे डबकं. आपल्या जुन्या घराची कौलंसुद्धा एवढी गळत नव्हती रे.

मृगाचा पाऊस लागला त्या आठवड्यात पहिल्यांदा कळलं. आईचा नियम, नव्या गाडीत चपला घालून बसायचं नाही. अनवाणी पाय खाली टेकवले आणि म्हणाली, "अरे, इथे कोणी पाणी सांडलंय का?" मॅट उचललं तर खालचा गालिचा पिळण्याजोगा.

शोरूम हायवेला. जाऊन-येऊन 90 किलोमीटर आणि माझी एक रजा. पहिल्या खेपेला सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणाला, "एसीचं पाणी आहे सर, नॉर्मल आहे." उत्तर अगदीच टाकाऊ नव्हतं. दमट हवेत एसी लावला की आत पाणी जमतं, ते बारीक नळीने गाडीखाली ठिबकायला हवं. नळी तुंबली तर तेच पाणी आत उतरतं. नळी साफ केली म्हणाले. मी खूश होऊन परत आलो आणि मार्गताम्हाण्यापर्यंत गालिचा पुन्हा ओला.

दुसऱ्या खेपेला, "सर, झाडाखाली लावता का?" लावतो. फणसाखाली. समोरच्या काचेखाली जाळी असते, तिथे पालापाचोळा साचला की पाणी तुंबून आत येतं. हेही खरंच. म्हणून मी गाडी मांगराच्या छपराखाली लावायला लागलो. चार दिवस कोरडीठाक! मी हिला म्हटलंसुद्धा, बघ, पोरगं हुशार आहे. पाचव्या दिवशी शृंगारतळीला बाजाराला गेलो, वाटेत सर आली आणि पुन्हा तेच. छपराखाली उभी असलेली गाडी कशी गळणार, हे डोक्यात यायला मला चार दिवस लागले, आणि मी शाळेत विज्ञान शिकवतो.

तिसऱ्या खेपेचं उत्तर होतं, "काच उघडी राहिली असेल." तेव्हा मात्र डोकं फिरलं.

मग घरीच प्रयोग केला. रात्रभर गाडी उभी, एसी बंद. सकाळी गालिचा उचलून खाली कोरे कागद अंथरले. पुतण्याला नळी देऊन समोरच्या काचेवर पाणी सोडायला लावलं आणि मी आत, डोकं खाली, पाय सीटवर, हातात बॅटरी. आई खळ्यातून बघत होती, हा काय करतो म्हणून. पाचेक मिनिटं काही नाही. मग डॅशबोर्डच्या मागून एका काळ्या वायरवरून थेंब घरंगळत आला आणि कागदावर पडला. लाल. गेरू कालवल्यासारखा. एसीचं पाणी स्वच्छ असतं रे, ते लाल कसं होईल? ही आपल्या जांभ्या रस्त्याची धूळ. इंजिनाच्या बाजूला साचलेली, पाण्याबरोबर आत आलेली. तो कागद मी वाळवून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलाय.

आता ती वायर कसली, ऐक. फॉग लॅम्पची. इंजिन आणि बसायची जागा यांच्यामध्ये पत्र्याची भिंत असते, तिच्या भोकातून वायरी आत येतात आणि भोकाला घट्ट रबर असतं. फॉग लॅम्प बसवताना ते रबर ब्लेडने चिरून वायर आत घातली होती आणि फट तशीच सोडलेली. हे सगळं शृंगारतळीच्या मेकॅनिकने दहा मिनिटांत दाखवलं, पैसेही घेतले नाहीत. "मास्तर, हात नाय लावीत मी," म्हणाला, "नायतर ते म्हणतील ह्यानंच फाडलान." शहाणा माणूस.

चौथ्या खेपेला मी थेट वायरीवर बोट ठेवलं. अ‍ॅडव्हायझर वाकला, बघितलं आणि सरळ उभा राहून म्हणाला, "सर, हे बाहेरचं फिटिंग आहे. बाहेरचं काम केलं की वॉरंटी जाते." मी पिशवीतून त्यांचंच बिल काढलं. पाडव्याच्या गर्दीत "पॅकेज घेतलंत तर डिलिव्हरी लगेच" म्हणून 14,500 रुपयांना गळ्यात मारलेल्या सामानाचं. सीट कव्हर, मडफ्लॅप, फॉग लॅम्प फिटिंगसह. वर त्यांचा शिक्का, त्यांचा जीएसटी नंबर. तो बिल घेऊन आत गेला आणि माझ्यासाठी चहा आला. (त्यांचा चहा चांगला असतो, हे कबूल करायला हवं. चार खेपांत आठ कप झाले.)

एवढ्यावर मिटायला हवं होतं. मॅनेजर म्हणाला, "पण सर, तुमची पाणी गळण्याची तक्रारच आमच्याकडे नाही." जुनी जॉब कार्डं, दर खेपेला तक्रार लिहून घेतात ती, काढून पाहिली. पहिल्यावर "जनरल चेकअप". दुसऱ्यावर "वॉशिंग, जनरल चेकअप". तिसऱ्यावर तेच. खाली माझी सही, वळणदार. वर्षानुवर्षं पोरांना सांगतो, वाचल्याशिवाय सही करू नका!

आणि यापुढचं सांगायला लाज वाटते. दुसऱ्या खेपेनंतर त्याच पोराने गयावया केली होती, "सर, कंपनीचा फोन येईल, दहापैकी दहा द्या, नाहीतर आमचा इन्सेंटिव्ह कापतात." बारीकसं पोरगं, आमच्याच शाळेतून गेलेलं वाटावं असं. मी दिले दहा. आता कंपनीला मेल केला तर उत्तर आलं की, आमच्या नोंदीनुसार आपण सेवेबाबत पूर्ण समाधानी आहात. हिने ते मोठ्याने वाचलं. दोनदा.

मग 1915 ला फोन केला, ग्राहक हेल्पलाइन. ते निकाल देत नाहीत, पण तक्रार नोंदवून कंपनीकडे पाठवतात, आणि कंपनीच्या एरियाच्या माणसाचा फोन आला. रबर बदललं. गळती थांबली, हे खरं. पण गालिच्याखालचा जाड नमदा दोन महिने भिजलेला, तो बदलायला तयार नाहीत. ब्लोअरने वाळवला, वरून मोगऱ्याचा स्प्रे मारला. आई म्हणते, "माळ्यावरच्या गोधडीत कोणीतरी अत्तर ओतलंय." वास एक वेळ सोसू, पण त्या नमद्याखाली पत्र्याचे जोड आहेत, वायरींचे कनेक्टर आहेत. आपल्याकडे खाऱ्या हवेने दाराच्या कड्या झडतात, तिथे ओल धरून बसलेल्या पत्र्याचं काय होईल? आज दिसणार नाही. वॉरंटी संपल्यावर दिसेल.

म्हणून गुरुवारी स्पीड पोस्टाने पत्र पाठवलं, शोरूमला आणि कंपनीला. दोनच मागण्या. नमदा आणि गालिचा नवा हवा, आणि खालचे कनेक्टर तपासून त्यांच्या वॉरंटीबद्दल लेखी हवं. मुदत 15 दिवस. नाही ऐकलं तर रत्नागिरीला जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. 2019 च्या कायद्याने आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो. दोन वर्षांच्या आत करायची. 5 ते 10 लाखांच्या व्यवहाराला फी 200 रुपये, वकील केलाच पाहिजे असंही नाही. ही म्हणते, "एका रबरापायी कोर्टकचेरी?" तिचंही खोटं नाही. पण पाणी काच उघडी ठेवल्याने आलं, हे माझ्या तोंडावर म्हणाले ना, ते जात नाही मनातून.

तू दसऱ्याला गाडी घेणार म्हणतोस. मुहूर्ताच्या दिवशी ताब्यात घेऊ नकोस, गर्दीत कोणी धड बघत नाही. फॉर्म 21 वर, म्हणजे विक्रीच्या दाखल्यावर, गाडी कुठल्या महिन्यात बनली ते बघ. फॉग लॅम्प घेऊ नकोस, डोंबिवलीत धुकं कुठलं? आणि जॉब कार्डावर तक्रार तुझ्या शब्दांत लिहून घेतल्याशिवाय सही करू नकोस.

माझी मुदत हरितालिकेच्या जरा आधी भरते. गणपतीला येताना तुझी ट्रेन चिपळूणला पहाटेच येते ना? मी घ्यायला येतो. नमदा बदलून मिळाला तर चारचाकीने, नाहीतर स्कूटर आहेच. बॅग एकच आण. आणि आईने तुझ्यासाठी पाच किलो कोकम वाळवून ठेवलंय, ते परत नेताना कुठे बांधायचं याचाही विचार करून ठेव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बापू