क्षेत्रभेटी वगळून भूशास्त्र शिकवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ग्रीनलंड आणि उत्तर कॅनडातल्या खनिजांविषयी सध्या खूप छापून येते. ते वाचून उपग्रहाला जमिनीखालचा साठाच दिसतो, असा समज होतो. भूशास्त्र शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही.

उपग्रहावरचा संवेदक खडकाच्या वरच्या पापुद्र्यावरून परतलेला प्रकाश मोजतो. चिकणमातीतली खनिजे २.२ मायक्रोमीटरच्या आसपासच्या लहरींचा प्रकाश शोषतात, चुनखडक त्याहून जरा लांब लहरींचा. उघड्या, कोरड्या प्रदेशात या फरकावरून सुरेख नकाशे होतात. उत्तरेत खडक उघडा असतो कुठे? बर्फ हटते ते जेमतेम जुलै-ऑगस्टात; तेव्हाही ढग असतात आणि सूर्य कलता असल्याने सावल्या लांब पडतात. खडकांवर दगडफुलाचा थर असतो, आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्याच जातकुळीतला. संवेदकाकडे येते ती त्या थराची खूण. १९९५ मध्ये सोडलेल्या कॅनडाच्या रडारसॅट या रडार-उपग्रहाला ढग आणि अंधार आडवे येत नव्हते. पण रडारला खडबडीतपणा आणि ओलावा कळतो, खनिज नाही.

कॅनडातल्या लाक द ग्रा सरोवराजवळचे हिरे १९९१ मध्ये जगापुढे आले, ते उपग्रहामुळे नव्हे. चक फिप्के आणि स्ट्यूअर्ट ब्लूसन या भूशास्त्रज्ञांनी कित्येक वर्षे हिमनद्यांनी पसरलेला गाळ चाळला, त्यातले, हिऱ्यांच्या सोबतीने आढळणाऱ्या गार्नेट या खनिजाचे कण वेचले आणि बर्फ ज्या दिशेने सरकले होते तिच्या उलट जात मूळ गाठले. पुढे १९९८ मध्ये तिथे एकाटी खाण सुरू झाली.

दूरसंवेदन, म्हणजे उपग्रहावरून जमीन पाहण्याचे हे तंत्र, मी स्वतः शिकवले आहे. एवढ्या अफाट, निर्मनुष्य मुलखात आधी कुठे पाय ठेवायचा हे त्याच्याइतके स्वस्तात कोणी सांगू शकत नाही. पण प्रतिमा वाचायची नजर खडकापाशीच येते. पुण्यातल्या वेताळ टेकडीचे एप्रिलमधले आणि ऑगस्टमधले चित्र शेजारी ठेवा. बेसॉल्ट तोच, पण दुसऱ्या चित्रात नुसते हिरवे. टेकडी चढलेल्या मुलाला त्याचे कारण विचारावे लागत नाही.

आणि आता शहरातल्या एका महाविद्यालयात खर्च आणि परवानग्यांचे कारण देऊन क्षेत्रभेटीच बंद केल्या आहेत. मुले खडकाला हात न लावता लॅपटॉपवर उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशांचे नकाशे रंगवून प्रकल्प जमा करतात. हुशार मुले आहेत, त्यांचे नुकसान होते आहे. दूरसंवेदनाच्या प्रत्येक प्रकल्पात निदान काही ठिकाणची प्रत्यक्ष पडताळणी विद्यापीठाने सक्तीची करावी आणि त्यासाठी प्रवासखर्च द्यावा. घोरवडेश्वरच्या डोंगरापर्यंत लोकलने जाता येते; सुरुवातीला तेवढेही पुरे.

– एक निवृत्त प्राध्यापक, कोथरूड, पुणे