आधी नैसर्गिक वायू जीएसटीत आणा

संपादक महोदय,

जीएसटीचे दर उतरवायचे तर कराचा पाया रुंद हवा, आणि त्यातले मोठे भगदाड इंधनाचे आहे. कच्चे तेल, पेट्रोल, डिझेल, नैसर्गिक वायू आणि विमानाचे इंधन 2017 पासून बाहेरच आहेत. यासाठी नवी घटनादुरुस्ती लागत नाही. घटनेच्या कलम 279अ प्रमाणे जीएसटी परिषदेने, म्हणजे केंद्र आणि राज्यांच्या मंत्र्यांच्या मंडळाने, तारखेची शिफारस करायची आहे.

चाकणचा कारखानदार भट्टीसाठी 10 लाखांचा वायू घेतो, तेव्हा 3 टक्क्यांनी 30 हजार रुपये व्हॅट, म्हणजे राज्याचा मूल्यवर्धित कर, भरतो. त्याच्या तयार मालावर मात्र जीएसटी लागतो आणि त्यातून व्हॅटची वजावट मिळत नाही. ते 30 हजार मालाच्या किमतीत मुरतात, वर त्यांच्यावरही जीएसटी बसतो. जनरेटरच्या डिझेलचेही तेच, फक्त बोजा कितीतरी मोठा.

पेट्रोल-डिझेलवरचे व्हॅटचे उत्पन्न बुडेल, ही राज्यांची धास्ती रास्त आहे. जीएसटीमुळे घटणाऱ्या महसुलाच्या भरपाईची केंद्राची हमी जून 2022 मध्येच संपली. वायूचे तसे नाही. महाराष्ट्राने एप्रिल 2022 पासून त्यावरचा व्हॅट 13.5 वरून 3 टक्क्यांवर आणला, त्यामुळे आपल्याला गमावण्यासारखे फारसे उरलेले नाही. ज्यांचा दर जास्त आहे त्या राज्यांना केंद्राने ठरावीक वर्षे फरक भरून द्यावा. परिषदेच्या पुढच्या बैठकीत हा प्रस्ताव महाराष्ट्रानेच मांडावा.