पंखा बंद करणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार.

समोर बसून हे बोलायला गेले की माझा घसा दाटतो आणि तुम्ही लगेच पुढच्या पेशंटला हाक मारता. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुम्हाला आवडणार नाही, तरी लिहिते.

आईला नागीण झाली ती डाव्या बरगडीखाली. फोड सुकले, खपल्या पडल्या, दुखणं मात्र तिथंच राहिलं. कांजिण्यांचा विषाणू पाठीच्या कण्याजवळ नसांच्या गाठीत वर्षानुवर्षं निपचित पडून असतो, उतारवयात उठतो आणि जाताना ती नसच दुखावून जातो, हे आम्हाला तुम्ही समजावून सांगितलंत. त्याआधी एकानं "उष्णतेचे फोड आहेत" म्हणून मलम दिलं होतं. पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू करायच्या असतात. ते तास त्या मलमात गेले. दुसरे म्हणाले, "जखम भरली की, आता दुखायला काय झालं?" आणि आईकडे न बघता मला म्हणाले, "वय झालं की असं लक्ष वेधून घेतात." आयुष्यभर विड्या वळून आम्हा भावंडांना शिकवलेल्या बाईबद्दल, तिच्या तोंडावर! ते वाक्य मी विसरणार नाही. नस मोकळी करून देतो म्हणत महागडं तेल गळ्यात मारणाऱ्याबद्दल तर बोलायलाच नको.

मग तुमच्याकडे आलो. मे महिना, भर दुपार. आई पदर अंगापासून हातानं लांब धरून बसली होती. तुम्ही काही विचारायच्या आधी तिच्याकडे नुसतं पाहिलंत, उठलात आणि पंखा बंद केलात. "वारा लागला तरी दुखतं ना, मावशी?"

आई ढसाढसा रडली. नुसत्या वाऱ्यानं दुखतं म्हटलं तर कोण विश्वास ठेवणार, म्हणून हे तिनं घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. पंख्याखालून उठून स्वयंपाकघरात जाऊन झोपायची, विचारलं तर "तिथंच बरं वाटतंय की" म्हणायची. आणि तुम्ही त्या उकाड्यात, कपाळावरचा घाम पुसत, तिचं सगळं ऐकून घेतलंत. एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाहीत. पुढे आम्ही दारात दिसलो की आधी पंख्याचं बटण बंद व्हायचं.

उपचारांचं सगळं सांगत बसत नाही. पण तुमचं पहिलं वाक्य होतं, "डॉक्टरांच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत, हे त्यांच्या जोडीला." टेन्सच्या, म्हणजे कातडीवरून सौम्य वीज देऊन दुखणं कमी करायच्या मशीनचे पॅड तुम्ही दुखऱ्या कातडीवर न लावता शेजारी, जिथं स्पर्श नीट कळतो तिथं लावलेत. आईनं कारण विचारलं, तेव्हा मेल्झॅक आणि वॉल या दोघा वेदना-संशोधकांनी १९६५ साली मांडलेली कल्पना तुम्ही तिला सांगितलीत: साध्या स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूत पोचले की वेदनेच्या संदेशांची वाट अरुंद होते. आई म्हणाली, "म्हंजे कुठं आपटलं की आपण चोळतो, तसंच की!" तुम्ही म्हणालात, "अगदी तसंच." चौथीत शाळा सुटलेल्या माझ्या आईचा चेहरा त्या क्षणी बघण्यासारखा होता.

कातडीला स्पर्शाची सवय लावायला आधी कापूस, मग जुन्या साडीचा तुकडा, मग टॉवेल, आणि सगळ्यात शेवटी आपली सोलापुरी चादर. मिरचीतल्या कॅप्सायसिनचं मलम लावायचं ठरलं तेव्हा शेंगाच्या चटणीवर वाढलेली आई कितीतरी दिवसांनी हसली. सुरुवातीला भगभगेल, नंतर नसांची टोकं हळूहळू बोथट होतील, हे तुम्ही आधीच सांगून ठेवलंत. मुख्य म्हणजे, "हे सगळ्यांनाच लागू पडतं असं नाही. थोडे दिवस बघू, फरक नाही पडला तर थांबवू, पैसे घालवायचे नाहीत," असंही सांगितलंत. इतकं सरळ बोलणारं माणूस आम्हाला तोवर भेटलं नव्हतं.

दुखणं पूर्ण गेलेलं नाही. पण आई रात्री झोपते. अंगाला ब्लाऊज सहन होतो. विड्यांचं सूप पुन्हा मांडीवर आलंय.

भैय्या चौकात डॉ. कोटणीसांचं स्मारक आहे. आपल्या सोलापूरचा हा माणूस १९३८ साली चीनमध्ये जखमींच्या सेवेला गेला आणि १९४२ मध्ये तिथंच वारला, याचा आम्हाला शाळेपासून अभिमान. हल्ली तिथून जाताना मला तुमची खोली आठवते. समोरच्याचं दुखणं खरं आहे असं धरून चालणं, त्याला लाज वाटू न देणं, एवढं जरी दवाखान्यात मिळालं तरी माणूस अर्धा सावरतो. मोठ्या पाट्या लावलेल्या ठिकाणी आम्हाला ते मिळालं नाही, तुमच्या त्या जिन्याखालच्या खोलीत मिळालं.

आईनं तुमच्यासाठी शेंगाची चटणी कुटून ठेवली आहे, कडक भाकरीसोबत. गुरुवारी घेऊन येते. या वेळी परत पाठवू नका.

तुमची,
मावशींची थोरली लेक
सोलापूर